काकडीचा घोडा, वांग्याचा बैल

शिलेदारांच्या घरात शेवटचा घोडा येऊन शंभराच्या वर वर्षं उलटली होती. त्यानंतरचा आला तो तेरा ऑगस्टच्या दुपारी, भाजीच्या पिशवीतून.

तुकोजीराव स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. आदल्या संध्याकाळी विमानातून उतरल्यापासून सूनबाईचं दोनदा बजावून झालं होतं, की काकडी बारीक हवी, अंगठ्याएवढी. पण घोड्याच्या नावाने तट्टू आणणं तुकोजींच्या रक्तात नव्हतं. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन होळकरांच्या फौजेत दाखल झालेले लोक. सरकारी घोड्यावर बसणारे बारगीर, ते वेगळे. हा फरक त्यांनी इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या दूधवाल्यापासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना किमान दोनदा समजावून दिलेला होता. तेव्हा भाजीवालीच्या टोपलीत बालम काकडी दिसली, माळव्यातली, हातभर लांब आणि मांडीएवढी जाड, तशी त्यांनी काकडीच्या पाठीवर थाप मारून पाहिली, पोट दाबून पाहिलं, आणि दात मोजायला तोंड सापडेना म्हणून तेवढं सोडून दिलं. भाजीवाली म्हणाली, "बाबूजी, ककड़ी ले रहे हो कि लड़की देख रहे हो?"

घरी मिहोने पिशवीत डोकावून पाहिलं आणि काकडीशेजारी आपला अंगठा धरून पाहिला. ती मूळची बोलायला कमी. तुकोजींच्या लेकाशी, यशवर्धनशी, लग्न करून सात वर्षं झाली होती आणि नवऱ्याकडून तिने जी मराठी उचलली होती ती अस्सल इंदुरी होती, म्हणजे निम्मी हिंदी.

"आबाजी," ती म्हणाली, "हा घोडा नाही. ट्रक आहे."

मिहोच्या गावी, नागोयापासून दोन तासांवर डोंगरात, दर ऑगस्टमध्ये गेलेली माणसं तीन-चार दिवस घरी येतात. त्याला ओबोन म्हणतात. येताना लवकर पोचावं म्हणून काकडीचा घोडा ठेवायचा, काड्यांचे पाय लावून. आणि जाताना पाय घराबाहेर निघत नाही, शिवाय बरोबर सामानही असतं, म्हणून वांग्याचा बैल. आल्या दिवशी दारात जाळ करायचा, घर दिसावं म्हणून. निघायच्या दिवशी पुन्हा जाळ करायचा, रस्ता दिसावा म्हणून. आणि जे माणूस त्या वर्षातच गेलं असेल, त्याचा पहिला ओबोन सगळ्यात मोठा. त्याच्यासाठी पांढरा कंदील टांगतात, बिनचित्राचा. जूनमध्येच मिहोच्या आईने फोनवर विचारलं होतं, तुझ्या सासूबाईंचा कंदील कुठे लावणार. नागोयात लावू, असं यश म्हणाला. त्यावर म्हातारी म्हणाली, जे घर त्या बाईने कधी पाहिलंच नाही, तिथे ती येईल कशी? म्हणून हा कंदील घडी घालून, दोन विमानं बदलून, इंदूरला आला होता.

मंगलाला हे कळलं तेव्हा तिने फोनवर आकांत केला होता. मंगला थोरली लेक, शाळेत संस्कृत शिकवायची आणि घरात व्यवहार. आईचं वर्षश्राद्ध व्हायचंय, ते होईतो पितृपक्षातसुद्धा तिचं पान वाढत नाहीत, आणि हे लोक तिला श्रावणात जपानी पद्धतीने बोलावणार? तुकोजींनी गुरुजींना गाठलं. गुरुजी म्हणाले, मंगलाताई बरोबर बोलतात, या वर्षी त्यांना पितरांत धरत नाहीत.

"मग या वर्षी ती असते कुठे?"

"वाटेत," गुरुजी म्हणाले. "वर्षभराची वाट आहे."

तो शब्द तुकोजींना सोडेना. बायकोचे, द्वारकाबाईंचे, गुडघे असे, की गेटपर्यंत जायचं तर त्या वाटेत तुळशीपाशी एकदा आणि कढीपत्त्यापाशी एकदा थांबायच्या. ती बाई नोव्हेंबरपासून चालतेय. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नागोयाला फोन करून सांगितलं, या. घोडा मी बघतो.

तर घोडा उभा राहिला. आगपेटीच्या काड्यांनी ते धूड पेलेना, म्हणून चार पेन्सिली रोवल्या. तुकोजींनी चारही पायांना पानाचा चुना फासला, कपाळावर एक ठिपका दिला, आणि पंचकल्याणी तयार केला. मग अर्थात मिहोला ती गोष्ट ऐकावी लागली. महिदपूरच्या लढाईतून खंडोजी शिलेदार याच रंगाच्या घोड्यावर घरी परतले होते. घोडा असा सुटला की तो वेशीत पोचला आणि त्याची सावली दुसऱ्या दिवशी दुपारी आली, लंगडत. सावलीला वेगळं पाणी पाजावं लागलं. मिहोने विचारलं, सावली किती पाणी पिते? तुकोजी खूश झाले. पन्नासाच्या वर वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "दोन बादल्या," ते म्हणाले. "पण जमीन ओली होत नाही."

द्वारकाबाई असत्या तर आतून भांडं आपटलं असतं. त्यांनी ही गोष्ट बावन्न वर्षं ऐकली आणि दरवेळी त्याच जागी भांडं आपटलं. आता त्या जागी काहीच वाजलं नाही. गोष्ट तिथेच लंगडी पडली.

लोकांना वाटायचं तुकोजीराव थापा मारतात. तसं नव्हतं. थाप मारायची म्हणजे समोरच्याला ती थाप आहे हे कळायला हवं, नाहीतर मजा काय? उभ्या जन्मात त्यांनी लोकांना खरी वाटावी अशी थाप एकदाच मारली होती, आणि तीच आता घरात ठाण मांडून बसली होती.

गेल्या नोव्हेंबरात, द्वारकाबाई गेल्या त्या संध्याकाळी, यशचा फोन आला. मंगला शेजारीच उभी होती, आईची साडी बदलून नुकतीच बाहेर आलेली. मिहोशी लग्न केल्यापासून सहा वर्षं द्वारकाबाई लेकाशी बोलल्या नव्हत्या. व्हिडिओ कॉल आला की उठून आत जायच्या. पलीकडे यश नुसता श्वास घेत होता. तो श्वास तुकोजींना ऐकवेना. ते म्हणाले, "माझ्या मांडीवर डोकं होतं रे तिचं. जाताना तुझं नाव घेतलं. यशा आला का, म्हणाली. बस, एवढंच."

पलीकडे लेक पोटातून रडला आणि मोकळा झाला. इकडे मंगला वळली आणि आत गेली. अकरा वर्षं रोज शाळेतून येऊन आईच्या गुडघ्यांना तेल चोळणारी मंगला. तेरा दिवस तिने सगळं केलं, एका शब्दाची चूक काढू दिली नाही. चौदाव्या दिवशी गेली ती उंबऱ्याच्या आत परत आली नाही. वडिलांना उपाशी ठेवणारी ती नव्हती. रोज दुपारी स्कूटीवरून यायची, गेटला डबा अडकवायची, दोनदा हॉर्न द्यायची आणि तुकोजी चपला शोधेतो कोपऱ्यावरून वळलेली असायची. नऊ महिने तुकोजी डब्याशी बोलत होते. डबा ऐकणारा बरा होता, पण भांडं आपटायचा नाही.

संध्याकाळी जाळ करायचा होता. मिहोच्या गावी त्यासाठी वेगळ्या काड्या असतात. यशने कुठूनशा तुराट्या पैदा केल्या. रस्त्यावर पेटवलं तर नगर निगमवाले दंड ठोकतील म्हणून गेटच्या आत, लोखंडी घमेल्यात. आकाश भरून आलेलं होतं, पण पडत नव्हतं. तुराट्या तडतडायला लागल्या आणि तेवढ्यात गेटपाशी स्कूटी थांबली. दुपारचा डबा आज आलाच नव्हता. तुकोजींच्या ते आत्ता लक्षात आलं.

मंगलाने डबा गेटला अडकवला. तिची नजर घमेल्यावरून पायरीवरच्या त्या अजस्र घोड्यावर गेली.

"हे काय?"

"आईसाठी घोडा," यश म्हणाला. "ताई यार, आत तो ये."

"आणि नंतर याला ओल्या कचऱ्यात टाकायचं की सुक्यात? पेन्सिली वेगळ्या काढाव्या लागतील. निगमवाले घेणार नाहीत."

यश हसला. ती हसली नाही. मिहो मात्र घमेल्यापासून उठली, गेटपाशी गेली, आणि कमरेत वाकून तिने मंगलाला नमस्कार केला. वाकली ती वाकलेलीच राहिली. मंगलाला काय करावं कळेना. आपल्याकडे पाया पडणाऱ्याला उठवायची रीत आहे, पण ही पायापर्यंत पोचलीच नव्हती, मधेच थांबली होती. शेवटी मंगलाने गेट उघडलं, कारण त्याशिवाय तिच्या खांद्याला हात पोचत नव्हता. अशी ती नऊ महिन्यांनी आत आली.

"मला आईजींना काय आवडतं माहीत नाही," मिहो म्हणाली. "मी त्यांना कधी भेटले नाही. तुम्ही सांगा, मी करते."

मंगला तुराट्यांकडे बघत राहिली. मग कोरडेपणाने म्हणाली, भुट्ट्याचा कीस. आणि तो तुला जमणार नाही, मी परवा येईन.

बैठकीत चौरंग मांडला होता. त्यावर चटई, द्वारकाबाईंचा फोटो, पाण्याचा पेला, घोडा, आणि एक लहानसं जांभळं वांगं, चार काड्यांवर उभं. वर पांढरा कंदील. पलीकडे खिडकीपाशी द्वारकाबाईंची वेताची खुर्ची तशीच होती. तिच्यात कोणी बसत नव्हतं. तुकोजी तर तिच्याकडे पाठ करूनच बसायचे.

मिहोने सांगितलं, हे तीन दिवस आईजी इथेच आहेत असं धरायचं. वर्षभरात काय झालं ते त्यांना सांगायचं. रडायचं वगैरे नाही. फोनवर सांगतो तसं साधं. तिच्या गावी तिचे काका दरवर्षी आजोबांना भाताचा भाव सांगतात.

चौदा तारखेला यश बराच वेळ चौरंगासमोर बसला होता. तुकोजी आतल्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते. यश आईला सांगत होता, कंपनीने टीम लीड केलंय, मिहोला दोन महिन्यांपूर्वी दिवस गेले होते पण राहिलं नाही, हे आबांना सांगितलेलं नाही. मग आवाज खाली गेला. "तू माझं नाव घेतलंस ना आई, तेवढ्यावर चाललंय बघ माझं. नाहीतर मला वाटायचं तू माझ्यावर रागावूनच गेलीस."

तुकोजींनी वर्तमानपत्र सरळ केलं. अक्षरं तशीही दिसत नव्हती.

दुपारी यश झोपला तेव्हा ते चौरंगापाशी जाऊन बसले. घसा खाकरला. सत्तर वर्षं ज्या माणसाला सुरुवात कधी शोधावी लागली नव्हती, त्याला ती सापडेना. त्याचं असं झालं, एवढं मनात आलं आणि पुढे नुसती पांढरी भिंत. ज्याला सगळं आधीच माहीत आहे त्याला गोष्ट सांगायची कशी? आणि ती बसली असेल तर पाठीमागे, खुर्चीत. त्यांनी मान वळवली नाही. उठले आणि कढीपत्त्याला पाणी घालायला गेले, जरी तासापूर्वीच पाऊस पडून गेला होता.

पंधराला मंगला आली ती दहा मक्याची कणसं घेऊन. गल्लीत कुठेतरी झेंडावंदन होतं. दोघी नणंदा-भावजया स्वयंपाकघरात बसून कणसं किसत होत्या. थोड्या वेळाने यशही तिथे गेला. दुधात शिजणाऱ्या किसाचा वास बैठकीत आला, हिंग आणि हिरवी मिरची, आणि तुकोजींना वाटलं, घर भरलंय. पण ते भरणंही त्यांच्याभोवतीचं होतं, त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. विहिरीच्या काठावर लोक बोलतात आणि आत फक्त गुणगुण येते तसं.

मग यशचं वाक्य ऐकू आलं. "ताई, तू माझ्यावर चिडलीस का, एवढं सांग."

"तुझ्यावर कशाला चिडू? तू तर इथे नव्हतास." किसणीचा आवाज थांबला नाही. "मी होते. अकरा वर्षं होते. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा तेल लावून गेले. वैसे ठीक आहे. जो नसतो त्याचंच नाव घेतात माणसं. मुझे समझता है. फक्त आत यायला नको वाटतं."

तुकोजी उठून दारापर्यंत गेले. मिहो त्यांच्याकडे पाहत होती. ते म्हणाले, "मीठ बेताने हं, तुमच्या आईला बीपी आहे," आणि परत येऊन बसले.

सोळा तारखेच्या संध्याकाळी निरोप होता.

घमेलं पुन्हा गेटपाशी गेलं. बैलाचं तोंड दाराकडे करायचं, मग त्याला उचलून जाळापाशी न्यायचं आणि शेवटी कढीपत्त्याखाली पुरायचं, असं ठरलं होतं, कारण नदीत सोडायला इंदुरात नदी म्हणावी अशी ती राहिली नव्हती. मंगलाही आली होती, पर्स खांद्यालाच ठेवून. मिहोने चौरंगापुढे गुडघे टेकले, हात जोडले आणि दोन्ही हातांनी वांगं उचललं.

वांगं हातभर वर आलं आणि थांबलं. चौरंग थरथरला, पेल्यातलं पाणी सांडलं.

"आबाजी," मिहो म्हणाली, "बैल बांधलेला आहे."

सगळे वाकले. बैलाच्या मागच्या दोन काड्यांना काळा धागा आवळलेला होता. तो चटईखालून जाऊन चौरंगाच्या पायाला दोन वेढे घालून गाठलेला. पागेत घोड्याच्या मागच्या पायांना दोर लावून खुंट्याला बांधतात, त्याला पिछाडी म्हणतात. ही तशी, बारीक, नीटस पिछाडी होती. हे काम करू शकणारा माणूस घरात एकच होता.

यश हसू लागला. "क्या आबा, बैलाला कोणी पिछाडी लावतं का?"

मंगला हसली नाही. तिने धागा बोटावर घेतला. "हा आईच्या शिवणमशीनच्या ड्रॉवरमधला आहे."

तुकोजींनी दोघांकडे पाहिलं, आणि जीभ सवयीने निघालीच. त्याचं असं झालं, ते म्हणाले, काल दुपारी मी बघतो तो काय, बैल चौरंगावरून उतरून कढीपत्त्याकडे निघालेला...

"आबा. गोष्ट नको."

मंगलाने हे जोरात म्हटलं नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकाला सांगावं तसं म्हटलं होतं.   बाहेर यशने अगोदरच पेटवलेल्या तुराट्यांचा धूर खिडकीतून आत येत होता.

"तिला एवढ्यात पाठवू नका," ते म्हणाले. "मी अजून तिला काही सांगितलेलं नाही."

"काय सांगायचंय?"

"मी घरी नव्हतो."

कुणाला काही कळलं नाही. म्हणून त्यांना सगळं सांगावं लागलं, आणि त्यांनी ते सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा मीठमसाला न लावता. त्या दुपारी ते बड्या गणपतीच्या देवळापाशी होते, फुलवाल्याच्या ओट्यावर. महिदपूरचा घोडा चालू होता. सावली वेशीपाशी आली होती, पाच-सात माणसं जमली होती, आणि खिशात फोन वाजला. घरचा नंबर. त्यांनी तो वाजू दिला. सावलीला पाणी पाजून झालं तेव्हा पुन्हा वाजला. म्हटलं, आता निघतोच आहे. आणि मग फुलवाल्याने चहा मागवला.

"साडेपाचला आलो. गॅस तिने बंद केला होता. चहा दोन कपांत गाळून ठेवला होता. दोन्हींवर साय धरली होती." त्यांनी मान वळवली आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्या खुर्चीकडे पाहिलं. "ती तिथे होती. फोन मांडीवर होता. माझ्या मांडीवर काही नव्हतं."

यश उभा होता तो हळूच भिंतीला टेकला. "मग माझं नाव?"

"मला तुझा श्वास ऐकवेना रे."

"म्हणजे ती बोलली नाही."

"बोलली असेल. कोणाला तरी हाक मारली असेल, नसेलही. ऐकायला कोणी नव्हतं."

यश काही वेळ वडिलांकडे पाहत राहिला, दुकानात एखादी वस्तू परत करावी की ठेवून घ्यावी या विचारातल्या गिऱ्हाइकासारखा. मग बाहेर गेला आणि घमेल्यापाशी पाठमोरा उकिडवा बसला. मिहो त्याच्यामागे गेली नाही. वांगं ओंजळीत धरून तशीच बसून राहिली.

मंगलाने खांद्यावरची पर्स काढली. कुठे ठेवावी ते न सुचल्यासारखी पुन्हा अडकवली.

"नऊ महिने मी रागावले," ती म्हणाली. "तिच्यावर, आबा. तुमच्यावर नाही. गेलेल्या बाईवर रागावले. तिच्या फोटोला हार घातला नाही मी घरी."

तुकोजींना म्हणायचं होतं की मला वाटलं नव्हतं असं होईल. पण तेही पुरतं खरं नव्हतं. चौदाव्या दिवशीच त्यांना कळलं होतं. एक वाक्य बोलून लेक परत आली असती, पण त्या वाक्याने दुसऱ्या लेकराचं सगळं काढून घेतलं असतं, आणि शिवाय ओट्यावरचा तो चहा उघडा पडला असता. या दोनांतलं कुठलं कारण किती वजनाचं, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"आबाजी," मिहो म्हणाली, "अंधार झाला की बैलाला रस्ता दिसत नाही."

गाठ पागेतली होती. ओढावी तशी घट्ट बसणारी. बांधणाऱ्याशिवाय ती कोणाला सोडवता येत नसे, आणि बांधणाऱ्याला ती आता नीट दिसत नव्हती. कात्री आणते, असं मिहो म्हणाली नाही. मंगला आत गेली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. ती आईचा शिवणाचा चष्मा घेऊन आली, आणि वडिलांच्या नाकावर तो चढवून दिला, दोन्ही कानांमागे दांड्या नीट बसवून, जसा अकरा वर्षं दुसऱ्या कुणाला तरी बसवून दिला असेल.

चष्म्याचा नंबर वेगळा होता. धागा दोरखंडाएवढा दिसू लागला. गाठ सुटायला बराच वेळ लागला. सुटली तेव्हा तुकोजींनी खुर्चीकडे तोंड केलं.

"मी बड्या गणपतीला होतो," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलेली सर्वांत लहान गोष्ट हीच असेल. आत कुठेही भांडं वाजलं नाही.

मग बैल गेला. यशने घमेल्यात नव्या तुराट्या टाकल्या, कढीपत्त्याखाली खड्डा केला, माती सारली. त्याने हे सगळं चांगलं केलं, पण वडिलांकडे न बघता. मंगला गेटपाशी थांबली, जाळ विझेतो. स्कूटी सुरू झाली तेव्हा तुकोजी कान देऊन होते. हॉर्न वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. कंदील मिहोने घडी करून पिशवीत ठेवला. पुढच्या वर्षी रंगीत लावतात, पांढरा एकदाच, असं तिने सांगितलं. ती पुन्हा वाकली आणि तुकोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, वाकण्याच्या मध्यावरच. यश पाया पडला. टॅक्सीचं दार उघडून तो उभा राहिला, काही शब्द निवडत असल्यासारखा, आणि त्याने निवडलेले शब्द हे होते: "फोन उचलत जा, आबा."

घर पुन्हा आपल्या आकाराचं झालं. तुकोजींनी चटई गुंडाळली, पेला धुतला, फोटो भिंतीला लावला. घोड्याला मात्र हात लावला नाही. चार दिवसांत बालम काकडीचं पोट लोंबलं होतं, पाठ खोलगट झाली होती, एक पेन्सिल आत रुतून पंचकल्याणी मागच्या पायाने लंगडा झाला होता. चुना गळून गेला होता. वास सुटायला लागला होता.

दुपारी ते हॉर्नची वाट बघत बसले. एक वाजला, दीड वाजला. पावणेदोनला दारात सावली पडली आणि मागून मंगला आली, डबा हातात.

तिने खोलीवरून नजर फिरवली. चौरंगावर येऊन ती थांबली.

"हा अजून इथेच?"

"तो परत जात नाही. जाणारे बैलावरून जातात. घोडा मागे राहतो."

"रिकामा?"

तुकोजींनी घोड्याकडे पाहिलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्याची लहानशी सावली त्याच्या पायांशीच होती, कुठेही मागे राहिलेली नव्हती.

"महिदपूरहूनही रिकामाच आला होता," ते म्हणाले. "खंडोजी आले नाहीत. जिनावर कोणी नव्हतं. मला माझ्या आजोबांनी सांगितलं होतं. दारात घोडा येऊन उभा राहिला, आणि घरातल्यांना कळलं."

मंगला पाच वर्षांची होती तेव्हापासून ही गोष्ट ऐकत आली होती. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"मग सावली?"

"ती मी घातली."

 बाहेर कढीपत्त्यावर चिमण्या भांडत होत्या.

"त्या घोड्याचं पुढे काय केलं, आबा?"

तुकोजींनी तोंड उघडलं. उत्तरं होती, नेहमीसारखी ती जिभेच्या मागे रांग लावून उभी होती, एकाहून एक सरस, दाणा खाऊन फुरफुरत. त्यांनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यातल्या एकालाही बाहेर सोडलं नाही.

"माहीत नाही," ते म्हणाले.

मंगलाने डब्याची कडी काढली आणि तो त्यांच्यापुढे सरकवला. खुर्चीत ती बसली नाही. उंबऱ्यातच टेकली, पाय बाहेर सोडून. चपला काढल्या नव्हत्या. पण बसली.